अडकलेलं आमेन

होबार्ट आमच्या चर्चच्या मनोऱ्याला पांढरा रंग देत होता. फुकट. शिडी चर्चची. तिची वरची पायरी कुजलेली आहे हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. नव्या शिडीचा विषय दर बैठकीत निघायचा आणि आम्ही तिच्यासाठी मनोभावे प्रार्थना करायचो. प्रार्थनेला खर्च येत नाही. पायरी मोडली, होबार्ट गेला, आणि हिरवळीवर सांडलेल्या रंगाचा आकार बघून कुणीतरी म्हणालं, "बघा, देवाने पंख पसरलेत."

केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात कुणी मेलं की आधी जेवण पोचतं आणि पाठोपाठ स्पष्टीकरण. होबार्टच्या बायकोच्या, डेल्फियाच्या, ओट्यावर मक्याचा पाव, भाजलेलं हॅम आणि देवाचे हेतू यांची रास लागली. पाव आणि हॅम तिने खाल्लं. बाकीचं तसंच पडून राहिलं.

डेल्फिया रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. लेकरू नाही पोटी, तेव्हा दुसऱ्यांची तरी मांडीवर. तो वर्ग म्हणजे तिच्या आठवड्याला उरलेलं एकमेव दार. तिथे छोट्या लेसीने विचारलं, "देवाने होबार्टआजोबांना का नाही झेललं?"

डेल्फिया म्हणाली, "मला माहीत नाही, बाळा."

झालं! चर्चमध्ये कुणी दारू पिऊन आलं असतं तरी एवढा गहजब झाला नसता. रविवारच्या उपासनेनंतर लगेच बैठक बोलावली. पाळक थर्मन, चर्चचा कारभार बघणारा डीकन क्लोविस, गायनवृंदाची इमोजीन आणि पियानो वाजवते म्हणून मी. समोर डेल्फिया, काळी पर्स मांडीवर धरून.

"सिस्टर, तुम्हाला कुणी काढून टाकत नाही," पाळकसाहेब म्हणाले. म्हणजे काढूनच टाकायचं होतं. "पण मुलांना बरोबर उत्तर मिळायला हवं."

"देते की. कोणतं?"

"देवाची योजना!" क्लोविसने टेबलावर थाप मारली. "त्याने आखलं तसं झालं."

"काहीतरीच काय क्लोविस," इमोजीन म्हणाली. "देव काय शिड्या मोडत हिंडतो? ते सैतानाचं काम. देवाने नुसतं होऊ दिलं."

"होऊ दिलं म्हणजे आखलंच की!"

"तुझा बैल माझ्या मक्यात शिरतो, ते तू आखतोस?"

"मुळीच नाही!"

"झालं तर मग!"

"पण कुंपण तो कधीच नीट करत नाही," डेल्फिया हळूच म्हणाली.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "कदाचित स्वर्गातल्या गायनवृंदात खर्जाचा आवाज कमी पडला असेल."

"होबार्टचा?" मी म्हणाले. "पाळकसाहेब, त्याला पियानोची साथ असून सूर सापडायचा नाही."

डेल्फिया हसली. होबार्टला माती दिल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाली, "तुमचं काय ते एक ठरवा. मी तेच शिकवीन. पण एकच द्या, पोरं गोंधळतात."

एक काही ठरेना. इमोजीनच्या नाकाला तर तिच्या घरी ओव्हनमध्ये ठेवलेल्या मांसाचा वास इथवर येऊ लागला. शेवटी पाळकसाहेब उठले. "उत्तरं आपल्या हातात नसतात. आपण देवावर भरवसा ठेवायचा. पुढच्या रविवारपासून वर्ग इमोजीन घेईल. सिस्टर डेल्फिया, तुम्हीच प्रार्थना करून बैठक संपवा."

आमच्याकडे ठराव प्रार्थनेच्या शेवटच्या आमेनने पक्का होतो. आणि प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम मोशेच्या दहा आज्ञांच्या पाट्यांवर नसला तरी त्याहून कडक पाळला जातो. आम्ही माना खाली घातल्या.

"प्रभू," डेल्फिया म्हणाली, "ही माणसं शिडीचा आळ तुझ्यावर घालताहेत. तू ती कुजवली नाहीस. आम्ही ती पावसात ठेवली. एवढं मी तुझ्या बाजूने बोलते."

क्लोविस खोकला. प्रार्थनेत खोकल्याला कुणी हरकत घेत नाही.

"आता पुढचं तुझ्यामाझ्यातलं. बिनखांबाचं आभाळ तू पेललंस, बिनदोऱ्याची चांदणी टांगलीस. आणि तुझंच घर रंगवणारा एक माणूस तुला पेलला नाही? की हातच पुढे केला नाहीस? त्याच्या उशीला मी रोज हात लावते. दगडासारखी गार असते रे. तुझ्यावर रुसून जाईन म्हटलं, तर जाऊ कुठे? माहेरही तूच, सासरही तूच. म्हणून तुझ्याच उंबऱ्यावर बसते आणि विचारते. का? सांग."

ती थांबली. आम्ही आमेनसाठी ओठ तयार ठेवले. आमेन येईना. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. मी एक डोळा किलकिला केला, तर पाळकसाहेबांचा एक डोळा आधीच उघडा.

"सिस्टर," ते कुजबुजले, "आमेन?"

"थांबा, पाळकसाहेब. त्याला विचारलंय. त्याला बोलू द्या."

"अहो, तो असा लगेच कुठे..."

"मला घाई नाही."

"अगं, माझा रोस्ट ओव्हनमध्ये आहे!" इमोजीन कळवळली.

"मग भरवसा ठेव की. करपायचा नाही."

भरवशाचं गाणं आम्ही चार सुरांत गातो. पण भरवसा म्हणजे लाकडी खुर्चीवर, उपाशीपोटी, उत्तराशिवाय बसणं, हे कुणी सांगितलं नव्हतं. आधी क्लोविस उठला, चवड्यांवर, चोरासारखा. मग इमोजीन. पाळकसाहेबांना एक फार महत्त्वाचा फोन आठवला. माझ्या ओव्हनमध्ये काही नव्हतं, म्हणून मी राहिले. माझ्या भक्तीचं कारण एवढंच.

खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं, तेव्हा मी विचारलं, "काही ऐकू आलं?"

"नाही."

"मग?"

डेल्फियाने डोळे पुसले. "पण या तिघांसारखा तो उठूनही गेला नाही."

आमेन न म्हणताच तिने पर्स उचलली. आता आमच्या नियमाने बैठक अजून चालूच आहे आणि ठराव अधांतरी आहे. पुढच्या रविवारी डेल्फिया रंगीत खडू घेऊन मुलांत बसली. तिला कुणी अडवलं नाही. अडवायचं तर आधी आमेन म्हणवून घ्यायला हवं, आणि त्यासाठी तिच्याबरोबर पुन्हा वाट बघत बसायची आमच्या भक्तमंडळींत कुणाची छाती नाही.