रोजच्या वापराला दहापैकी आठ

इअरबड्सची डबी उघडली तेव्हा आत फक्त उजवा होता. डाव्याचा खळगा रिकामा. मी डबी बंद करून पुन्हा उघडली, जणू तेवढ्या वेळात तो परत येऊन बसला असेल. मग घरभर एक फेरी मारली. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आईची शिवणाची खोली, पुन्हा बाहेरची खोली. आई गेल्यापासून माझं हे असंच चाललं आहे. खुर्चीत बसले की पायच उठतात आणि मी त्यांच्यामागून निघते.

काम मात्र बसून करायचं आहे. मी एका वेबसाइटसाठी स्वस्तातल्या वस्तूंची परीक्षणं लिहिते. महागड्या वस्तूंचं कौतुक करायला पुष्कळ लोक आहेत. आमचा वाचक म्हणजे ऐन महिनाअखेरीला ज्याचा हेडफोन तुटतो तो. त्याला एवढंच हवं असतं, घ्यावेत की नाही. बिनवायरचे इअरबड्स माझ्याकडे असतात. आवाज कसा आहे, बॅटरी किती टिकते, व्हिडिओत ओठ आणि शब्द बरोबर चालतात का, रहदारीत आपलं बोलणं समोरच्याला कळतं का, हे मी तपासते. शेवटचा रकाना असतो 'रोजचा वापर'. तो आईचा.

आई कपडे शिवायची. माझ्या चाचण्या आटोपल्या की जोडी तिच्याकडे जायची. ती कानात घालून आई मशीनवर बसायची, काजं करायची, गिऱ्हाइकांची मापं घ्यायची, मावशीशी तासन् तास बोलायची. मग एखाद्या दिवशी भांडी विसळता विसळता निकाल यायचा. "केस मागे सारायला हात लावला तरी फोन कट होतो. फारच हळवे." किंवा, "डबीचं झाकण एका हातानं उघडत नाही. दुसऱ्या हातात कात्री असलेल्या माणसानं काय करायचं?"

मी विचारायचे, "आणि पडतात का?"

"छे. बसतात की छान."

मग मी लिहायचे, कानात घट्ट बसतात, दहापैकी आठ. खाली वाचक हमखास चिडायचे. एकानं लिहिलं होतं, 'हे कुणाच्या कानात बसवून बघता, पुतळ्याच्या?' मी ते आईला हसत हसत वाचून दाखवलं. ती हसली नाही. पुतळा म्हटलेलं तिला आवडलं नसावं, असं मी धरून चालले.

ही पांढरी जोडी मी तिला दिली, तिनं वापरायला घेतली, आणि निकाल न देताच ती गेली. आजारपण लांबलं तर काय काय होईल, याची मी मनाशी तयारी केली होती. ते लांबलं नाही. आणि या जोडीचा विचार तर माझ्या तयारीत कुठेच नव्हता. आता मात्र तिचं मत मला हवंच होतं. दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी शेवटी तिनं रोज हाताळलेली वस्तू ही, आणि तिच्याबद्दल आईला काय वाटलं हे मला माहीत नव्हतं.

फोन वाजला. आमचे संपादक. ऑफिसात त्यांचं नाव दशांश, कारण साडेसात आणि सात पॉइंट सहा यांतल्या फरकावर ते अर्धा तास बोलू शकतात. पण आईच्या आठला त्यांनी कधी दशांश जोडला नव्हता.

"संध्याकाळपर्यंत जमेल ना?"

"एक रकाना राहिलाय."

"आईंचा? आठ टाक. त्या नेहमी आठच द्यायच्या."

"ती सांगायची. आकडा मी द्यायचे."

"तेच ते."

"तेच नाही, सर."

"बरं बरं. आणि कंपनीला नमुना परत पाठवायचाय."

"डावा सापडत नाहीये."

"शोध बाई. एका कानाचं पार्सल पाठवलं तर ते आपल्याला घोडे लावतील." मग एकदम आवाज खाली आला. "सॉरी हं. अशा वेळी..."

"सॉरी कशाला? शोधते."

आठ टाकणं सोपं होतं. मी लॅपटॉपवर आठ टाकलासुद्धा. मग खोडला. उठले.

शिवणाच्या खोलीत मावशी आईचे कपडे आवरत होती. ही आईची धाकटी बहीण. एक ढीग ठेवायचा, एक देऊन टाकायचा, आणि तिसरा, ज्याचं काय करायचं ते दोघींनाही कळत नव्हतं. मी बटणांचा डबा जमिनीवर उपडा केला. मशीनचा खण ओढून काढला. बॉबिनी, खडूचे तुकडे, गुंडाळलेल्या टेपा, एक अंगुस्तान. मशीनखाली हात घालून पाहिलं. हाताला दोऱ्याचा गुंता आणि धूळ.

"काय शोधतेस?"

"इअरबड. डावा, पांढरा. आईकडे होता."

"अगं, जरा टेक की कुठेतरी. भोवरा झालीयेस नुसती. तुझ्याकडे बघून मलाच गरगरतंय."

"संध्याकाळी द्यायचंय लिहून."

"मग बसून शोध."

"बसून कसं शोधणार, मावशी?"

"मी नाही का बसून आवरत?" तिनं करडा स्वेटर उचलला. आई घरात सदानकदा घालायची तो, कोपरावर रफू केलेला. घडी घालायला मावशीनं तो हवेत झटकला, आणि कॉलरपाशी काहीतरी पांढरं हिसका बसून लोंबायला लागलं.

"हा घे," मावशी म्हणाली. "तुझा डावा."

दोऱ्याच्या एका टोकाला फास होता आणि तो इअरबडच्या दांडीला घट्ट बसला होता. दुसरं टोक कॉलरच्या आतून टाचलेलं. करड्या लोकरीला करडाच दोरा. उजव्या बाजूलाही तसाच दोरा होता, फास मोकळा. उजवा काढून तिनं डबीत ठेवला होता. डावा काढायला त्या शेवटच्या दिवशी वेळ मिळाला नसावा.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? पडायचे ना ते."

"पडायचे नाहीत. ती म्हणायची बसतात छान."

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून फ्रॉकमध्येच आहे. "अगं, सगळेच पडायचे. पहिल्या जोडीतला एक थेट फरशी पुसायच्या बादलीत. फोनवर बोलता बोलता एकदम म्हणायची, 'थांब गं, कान पडला माझा.' मी आपली थांबायची. कधी मशीनखालून काढायची, कधी गिऱ्हाइकाच्या पिशवीतून. शेवटी म्हणाली, बांधूनच टाकते मेल्यांना. तेव्हापासून आली जोडी की लाव टाका."

"मला का नाही सांगितलं?"

"तिला वाटायचं तिचेच कान वाकडे."

मी कॉलरच्या टाक्यावरून बोट फिरवलं.

"खरंच. म्हणायची, एवढी माणसं घालून धावतात, उड्या मारतात, माझ्याच कानातून कसे पडतात? आपल्या कानापायी त्या वस्तूला कशाला नावं ठेवायची, आणि पोरीच्या कामात कशाला घोळ? मी म्हटलं, अगं तिचं कामच ते आहे. तर म्हणे, तू गप्प बस." मावशीनं स्वेटरची घडी घातली, मग ती पुन्हा मोडली. "माझेही तसेच आहेत म्हणा. आमच्या आईकडून आलेत. तुझे बघ."

मी माझे कान कधी बघितले नव्हते. खुर्चीत ताठ बसून, स्क्रीनकडे तोंड करून चाचण्या घेणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

डावा डबीत ठेवून चार्जिंगला लावला. दोरा मी कापला नव्हता, त्यामुळे स्वेटर टेबलावर डबीशेजारी बसून राहिला. डबीवरचा दिवा हिरवा होईपर्यंत मी खोलीच्या फेऱ्या मारल्या. मग स्वेटर अंगात घातला, उजवाही त्याच्या फासात अडकवला, दोन्ही कानांत बसवले आणि आईच्या मशीनवर बसले. कापड नव्हतं. नुसतीच सुईशी मान वाकवली, ती वाकवायची तशी, आणि टाका बघायला डोकं जरा डावीकडे कलतं केलं.

डावा सुटला आणि छातीवर झुलायला लागला. मी तो परत घातला. परत वाकले. परत सुटला. उजवा थोडा जास्त टिकला.

संपादकांना फोन लावला.

"चार," मी म्हणाले.

"आँ?"

"रोजचा वापर. चार. मान खाली घालून काम करणाऱ्यांच्या कानातून पडतात. आई दोऱ्यानं बांधून वापरायची. आजवरचे सगळेच."

"म्हणजे मागचे आठ?"

"खोटे नव्हते. तिच्यासाठी ते बसतच होते, टाका घातल्यावर. पण वाचकाच्या कॉलरला टाका नसतो. जुन्या जोड्या परत मागवून पुन्हा तपासाव्या लागतील."

"अरे देवा. आणि तो पुतळेवाला?"

"त्याला उत्तर मी लिहीन."

त्यांनी सुस्कारा सोडला. "चारला दशांश?"

"नको."

"बरं. पण रस्त्यावरची कॉलची चाचणी झाली का?"

ती राहिली होती. मी चपला घातल्या. मावशी म्हणाली, "त्या स्वेटरवर बाहेर जाणार? एवढ्या उन्हात?"

"कामासाठी. तू फोन उचल फक्त."

खाली रस्त्यावर टेम्पो उलटा येत होता, त्याच्यामागे हॉर्नची रांग. फुटपाथ उकरलेला. मी चालता चालता फोन लावला.

"ऐकू येतंय का मावशी?"

"येतंय. मागे कोण एवढं बोंबलतंय?"

"टेम्पो. माझा आवाज कसा येतोय?"

"डब्यातून बोलल्यासारखा. पण कळतंय. घरी कधी येतेस? तो तिसरा ढीग..."

समोर खड्डा आला. मी खाली बघून पाय टाकला, आणि डावीकडचा आवाज गेला. गळ्यापाशी दोऱ्याला हलकासा हिसका बसला.

"काय गं? काय झालं?"

"थांब," मी म्हणाले. "कान पडला."

टेम्पोवाला अजून हॉर्न वाजवत होता. मी फुटपाथच्या कडेला उभी राहिले, दोरा धरून वर ओढला आणि डावा पुन्हा कानात बसवला. मावशी थांबली होती.

"घातला?" तिनं विचारलं. आवाज घोगरा येत होता. तो इअरबडचा दोष नव्हता.

"घातला."

"मग बोल."