इल्ला की इल्ली

“परत लाव,” आश्लेषा म्हणाली. भार्गवीनं कालच्या फोनचं रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा लावलं. खरखर, वारा आणि केतय्याचा धापा टाकणारा आवाज, “इल्ली, अक्का, इल्ली...”

“इल्लाच म्हणून राहिला ना गं तो? नाही म्हणूनच ना?”

शेजारच्या टेबलावरच्या भार्गवीच्या तीन पिढ्या बंगळूरच्या जयनगरात गेलेल्या, कन्नड तिला घरच्यासारखी. ती हळूच म्हणाली, “अगं, इल्ला म्हणजे नाही. इल्ली म्हणजे इथे.”

आश्लेषा नागपूरची. व्हाइटफील्डच्या ऑफिसात बसून दूरच्या जंगलावरच्या ड्रोनवर नजर ठेवणं हे तिचं काम. ड्रोन मोठा हुशार, आपणच उडायचा, आपणच आग शोधायचा. पण उन्हात तापलेला कातळही त्याला आगच वाटायचा, म्हणून खात्री माणसानं करायची. इशारा आला की ती जंगलात राखणीला असलेल्या केतय्याला फोन लावायची. चार वर्षांत कन्नड शिकली ती एवढंच, “बेंकी इदेया?” आग आहे का? तो म्हणायचा, “इल्ला, अक्का,” आणि हसायचा. कधी न पाहिलेल्या त्या माणसाचा तिला लळा लागला होता. फणस पिकला की पाठवतो, असं त्यानं कुणाकडून तरी हिंदीत कळवलंही होतं.

काल तिनं ऐकलंच कुठे? रोजचं उत्तर कानात आधीच बसलं होतं. तिनं ‘खोटी सूचना’ दाबलं, ड्रोन मुकाट वळला आणि आग विझवणारी माणसं निघालीच नाहीत. केतय्या मात्र अक्काला सांगितलंय, आता येतील, या भरवशावर ओल्या फांदीनं आग झोडपत राहिला. आज सकाळी तो दरीत सापडला, फांदी हातातच होती.

“तुझी काही चूक नाही, तू सगळं प्रोसेसप्रमाणेच केलंस,” साहेब म्हणाले. चूक म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिक्षा तरी भोगता आली असती.

सोमवारी ड्रोन त्या दरीवरून गेला. पडद्यावर नुसती राख आणि खाली हिरवी अक्षरं, ‘धोका नाही’. खरंच होतं म्हणा, जळायला उरलं काय होतं?

तरी तिनं नव्या राखणदाराला फोन लावला.

“बेंकी इदेया?”

“इल्ला, मॅडम.”

“इल्ला की इल्ली?”

“इल्ला, मॅडम, इल्ला,” तो वैतागून म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं.