अडसर आतल्या बाजूला

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचा एक जुना दरवाजा आहे. एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो. मी कोणाला आत ठेवण्यासाठी आहे की बाहेर ठेवण्यासाठी, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

मला घडवणाऱ्या सुताराने माझा अडसर आतल्या बाजूला बसवला. आत एका बंदिस्त अंगणाभोवती विटांची पांढरी घरे, आणि त्यांत बेगीन म्हणवणाऱ्या बाया राहत. कोणी विधवा, कोणी बिनलग्नाची. देवाचे करायच्या, पण जन्मभराची शपथ कोणीच घेतलेली नसे. लेस विणून, गावाची लोकर धुऊन आपले पोट आपण भरायच्या. रात्री स्वतःच मला लावून घ्यायच्या. एखादीच्या मनात लग्न आले, की ती अडसर काढून बोचके उचलायची आणि चालू लागायची. बाकीच्या डोळे पुसायच्या, दोन दिवस नावे ठेवायच्या आणि पुन्हा लेस विणायला बसायच्या.

पुढे फौजा आल्या. एका फौजेने माझ्यावर हुकूम ठोकला, दुसरीने तो उपटला. खिळ्यांची भोके तेवढी माझ्या वाट्याला आली. शेवटची बेगीन म्हातारी वारली, तेव्हा मला वाटले, आता आपले सरपण होणार. झाले भलतेच. मला हिरवा रंग मिळाला, शेजारी पाटी लागली आणि मी वारसा झालो. प्रवासी माझ्यावरून हात फिरवतात. बिजागरीत तेल मात्र कोणी घालत नाही. वारशाला कदाचित चालत नसावे.

आता ती घरे एका समितीकडे आहेत. नियम दोन. घर फक्त एकट्या बाईला. आणि संध्याकाळच्या घंटेनंतर आत पुरुष नको. मला लावण्याचे काम योझेफीनबाईंकडे आहे. त्यांच्या शेजारी विधवा गोडेलीव्ह राहते. ती काळा कोट घालून कचरा टाकायला निघाली, की प्रवासी तिला बेगीन समजून फोटो काढतात.

गोडेलीव्हकडे रोज कॉफीला रेमी येतो. त्याने शर्यतीची कबुतरे पाळली आहेत. लग्नाचे त्याने कितीदा विचारले.

"लग्न केलं तर हे घर जाईल," ती म्हणायची. "आणि तुझ्या घरात माणसापेक्षा कबुतरं जास्त."

पूर्वी बाया लग्नासाठी माझ्यातून जायच्या. ही जावे लागू नये म्हणून लग्न करत नव्हती. मी चक्रावलो.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी शर्यत होती. रेमीची लाडकी कबुतरी फ्रान्सहून उडत आली ती स्वतःच्या खुराड्यात न जाता थेट गोडेलीव्हच्या धुराड्यावर बसली. रेमी धावत आला आणि खाली उभा राहून डबीतले दाणे वाजवू लागला. कबुतरी ढिम्म. तेवढ्यात घंटा झाली.

"अहो पाहुणे, चला," योझेफीनबाई म्हणाल्या.

"ती खाली आल्याशिवाय कसा जाऊ?"

"मग मी समितीला कळवते. घर हिचं जाईल, तुमचं नाही."

"कळव की," गोडेलीव्ह म्हणाली. "पण आधी सांग, कबुतर मादी आहे. ते चालतं ना आत?"

रेमी आतच होता, तरी घंटा झाली म्हणून योझेफीनबाईंनी अडसर लावला आणि हाताची घडी घालून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. गोडेलीव्हने ब्रेडचा चुरा आणला. कबुतरी सरळ तिच्या हातावर उतरली.

"रोज खायला घालतेस होय हिला?" रेमीने विचारले. "तरीच म्हटलं, शर्यत का हरतो."

तो घ्यायला गेला, तर कबुतरी फडफडली. कोणाचा हात आपला, हे तिलाही कळेनासे झाले असावे. गोडेलीव्हने तिला कोटात घेतले, एका हाताने अडसर काढला आणि रेमीबरोबर बाहेर पडली. योझेफीनबाईंनी मला पुन्हा लावले, पण रोजच्यासारखे आदळून नाही. गेली, असे मला वाटले. पूर्वीच्या बायांसारखी.

सकाळी दारावर टकटक झाली. गोडेलीव्ह उभी होती. कोटावर पिसे.

"कळवलंस समितीला?"

"काय कळवू?" योझेफीनबाई म्हणाल्या. "पुरुषानं आत राहायचं नाही, असा नियम आहे. बाईनं बाहेर राहायचं नाही, असं कुठं म्हटलंय? ये आत, गारठशील."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी गोडेलीव्ह माझ्यातून बाहेर जाते आणि सोमवारी परत येते. ती राहते कुठे, हे मला विचारू नका.

मित्रांनो, जुन्या दरवाजाला पाटी नसली तरी चालते. त्याला तेल घाला, आणि तो लावण्यापूर्वी बाहेर कोणी उरले आहे का ते बघा. योझेफीनबाई आता दर रविवारी रात्री माझ्या बिजागरीत तेल घालतात. सोमवारच्या करकरीने झोपमोड होते, असे त्या सांगतात. पण सोमवारी गोडेलीव्ह येते, तेव्हा त्या अडसर काढून केव्हाच्या उभ्या असतात.