मॉसचा किल्ला

आमच्या कुरणात नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन लोकांनी मातीचा ढीग रचून किल्ला केला. लाकडी बुरूज केव्हाच गेला. ढीग आणि भोवतीचा खंदक राहिला. जमीन आमची, मेंढ्या आमच्या, पण तिथे फावडं लावायचं तर सरकारची परवानगी. माझ्या नवऱ्याने, टेग्विनने, एकदा तिथे कुंपणाचा एक खांब रोवला, तर तीन पानी पत्र आलं. तो अजून कुरकुरतो, "ससे रोज बिळं खणतात, त्यांना पाठवा की पत्र."

आमचा कुत्रा मॉस चौदा वर्षं त्या ढिगावर बसून मेंढ्या राखायचा. संध्याकाळी खाली उतरला की टेग्विन म्हणायचा, "आले बघ किल्लेदार." मंगळवारी मॉस गेला. त्याला वरच पुरेन, असा टेग्विनने शब्द दिला होता. कुत्र्याला दिलेला शब्द तो पाळतो; मला दिलेल्यांचं विचारू नका.

फावडं आणि ढकलगाडी घेऊन निघाला, तर फाटकात किल्ल्याच्या सरकारी पाहणीवाल्या पेलमबाई उभ्या. वर्षातून एकदा येतात, त्या नेमक्या आजच.

"फावडं कशाला, मिस्टर प्रॉसर?"

त्याला थाप मारता येत नाही. त्याने ढकलगाडीतली घोंगडी बाजूला केली.

बाईंनी घोंगडी परत नीट पांघरली. "वर नाही जमायचं हो."

"सशांना जमतं."

"ससे माझं ऐकत नाहीत. तुम्ही ऐकता."

मग त्यांनी नकाशा काढला, फीत धरली आणि खंदकाच्या बाहेर बोट दाखवलं. "इथून पुढे तुमचं. इथूनही मेंढ्या दिसतात."

टेग्विन मॉसच्या उंचीला वाकला. "अर्ध्याच दिसतात."

मॉसला पुरल्यावर तो भोवतीची माती खणून वर टाकत राहिला. मी चहा घेऊन गेले, तर मधे उंचवटा आणि भोवती गोल चर.

"अरे, तू तर किल्ला बांधलास," मी म्हटलं. तो हसला, आणि मग रडला. मलाही आवरलं नाही.

पुढच्या वर्षी पेलमबाई आल्या त्या आधी मॉसकडे गेल्या. हातात रानफुलाचं रोप होतं. मातीत बोट घालणार, तोच टेग्विन म्हणाला, "बाई, इथे खणायला परवानगी लागते."

"कुणाची?"

त्याने मॉसच्या उंचवट्यावरून कुरणाकडे पाहिलं. सगळ्या मेंढ्या दिसत होत्या. मग त्याने खुरपं काढून बाईंच्या हातात दिलं.