सालीचा पिवळा

"काढ ती कुंची आधी!" सखूबाई ओरडल्या. "पोराच्या मानंवर बघ काय उठलंय!"

सुकेशनीनं बाळाच्या डोक्यावरची कुंची काढली. लाळेनं भिजलेल्या कडेचा पिवळा रंग हनुवटीवर उतरला होता. खाली मानेवर लाल पुरळ होतं. बारशाला आलेल्या बाया पाळण्यापासून मागे सरकल्या.

"डाळिंबाच्या सालीचा रंग हाय, विहीणबाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "निस्ती साल आन् तुरटी. मी सोता उकळते."

"कचराच उकळता ना? तोच घेऊन आल्या आमच्या घरी."

सुकेशनीनं आईकडं पाहिलं नाही. "तू जा आता, आई. मी बोलावल्याबिगर येऊ नको."

क्रांती चौकातल्या ज्यूसच्या गाड्यांवरून आलेल्या साली द्वारकाबाई मुकुंदवाडीतल्या नैसर्गिक रंगाच्या कापडाच्या शेडमध्ये उकळत. रंगवलेलं कापड धुवायला आतल्या खोलीत जाई. तिथल्याच फळीवरून मॅनेजर इंद्रजीतनं कुंचीसाठी तुकडा दिला होता. "तुमच्याच हातचा रंग, मावशी," म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी बारशातून परत आणलेली ती कुंची त्याच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, माझा रंग असा सुटत नाय. कापड आधी तुरटीत मुरवते मी."

इंद्रजीत हसला. "तुमच्या एका पातेल्यात सगळी ऑर्डर निघंल व्हय? हा पावडरचा रंग. बाहेरून रंगवून येतो."

"मग मी उकळते ते?"

"पाहुण्यांसाठी. शेडमधी वास तर पाहिजे ना."

द्वारकाबाई तिथंच उभ्या राहिल्या. "लेकीला फोन करून तेवढं सांगा. माझ्या सालीचा नव्हता म्हणून."

"अन् तिनं गावभर केलं म्हंजे? तुम्हीच सांगा की. मग उद्यापासून घरीच बसा."

दुपारी रंगकाम बघायला पाहुणे आले. द्वारकाबाई पातेलं ढवळत होत्या. पुण्याच्या एका बाईंनी फळीवरचं पिवळं कापड उचललं.

"नातीसाठी हवंय. तान्ह्या बाळाला चालेल ना?"

"मावशींनाच विचारा," इंद्रजीत म्हणाला. "कालच नातवाला कुंची शिवून नेली त्यांनी."

बाईंनी व्हिडिओ चालू केलेला मोबाइल द्वारकाबाईंकडे वळवला. "हो का? कशी दिसली बाळाला?"

काठी थांबली. इंद्रजीत त्यांच्याकडेच बघत होता.

"चांगली दिसली," द्वारकाबाई म्हणाल्या.

बाईंनी कापड गालाला लावून पाहिलं आणि अजून एक तुकडा मागितला. द्वारकाबाईंनी वाकून पातेल्याखालचं लाकूड आत सारलं.