वलांडीवर वाळत घातलेलं मँडोलिन

मी एक जुनं मँडोलिन आहे आणि आधीच सांगून टाकते, मित्रांनो, मी भयंकर भित्रं आहे. लाकूड पातळ, पोट पोकळ आणि त्यावर रात्रंदिवस ताणलेल्या आठ तारा! तुम्ही नसता घाबरलात?

मुंबईच्या एका कारागिरानं सरस लावून मला जोडलं. आगरदांड्याच्या हरेश्वर तांडेलांनी मला हौसेनं घरी आणलं, पण ते होडीवर गेले की मी आपलं भिंतीवर. खाऱ्या वाऱ्यानं तारा गंजल्या, पोटात झुरळं नांदू लागली. पुढे तर कुणी ढुंकूनही बघेना. मग त्यांची लेक किशोरी मोठी झाली. तिनं तारा बदलल्या आणि मला निकेशच्या बँडमध्ये नेलं.

तिथली गाणी हळुवार. गिटार खालून चाल धरते, ड्रम हलक्या हातानं वाजतो. गाणारा श्वास घ्यायला थांबला की तेवढ्या जागेत मी बोलते. एकच सूर नखीनं भराभर छेडत लांबवायचा, एवढंच काम. पण तेवढ्यासाठी लोक बोलणं थांबवत. निकेश मात्र म्हणे, "कशाला यवढं सांभालतेस? की-बोर्डात मँडोलिनचं बटण हाय." त्या बटणाची मला फार धास्ती वाटे.

गेल्या थंडीत हरिहरेश्वरचा कार्यक्रम करून आम्ही दिघीहून फेरीबोटीनं परतत होतो. लाट आत आली आणि पिशवीसकट मी भिजले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी चौलला नवं गाणं होतं. त्याची सुरुवात एकट्या माझी! किशोरीनं तीन महिने तेवढीच घोटली होती.

सकाळी ती पिशवी न उघडताच घाईनं कॉलेजात गेली. तिच्या आईनं, सोनूबाईनं, पिशवी उघडली. "अगो बाय, हं तं चिंब भिजलंय!" या घरात ओल्या वस्तूवर औषध एकच. तिनं मला पदरानं मायेनं पुसलं आणि अंगणात मासळी वाळवायच्या वलांडीच्या बांबूला दोरीनं टांगलं. इकडे बोंबील, तिकडे बोंबील, मधे मी.

ऊन चढलं. सरस ढिला होऊ लागला, तारा मात्र तशाच ताणलेल्या. त्या माझी मान ओढत होत्या. 'कट्' असा आवाज आला. मानेच्या मुळाशी केसाएवढी फट पडली होती! ओरडावं तर कुणी छेडल्याशिवाय मला आवाज नाही. परत 'कट्'. आता मी दुभंगणार आणि सरळ चुलीत जाणार, असंच मला वाटलं.

"आये, काय केलंस गो! बोंबील हाय का ते?" किशोरी धावत आली. तिनं भराभर चाव्या फिरवून आठही तारा सैल केल्या. सोनूबाईचा चेहरा एवढासा झाला. "वलं व्हतं म्हून घातलं. मना काय ठावं?"

दुपारी निकेश टेम्पो घेऊन आला. "ताण तारा. एक गाणं निघंल की!" किशोरीचा हात चावीवर गेला. मित्रांनो, तेवढी भीती मला उन्हातसुद्धा वाटली नव्हती. ती बराच वेळ फटीकडे बघत राहिली. मग तिनं हात काढला.

"न्हाय. त्याची मान जाईल. तू बटण दाब."

चौलला बटणच वाजलं. टाळ्याही पडल्या म्हणे. किशोरी त्या रात्री जेवली नाही.

आठ दिवस मी नव्या सरसात, दोरीनं आवळलेलं, सावलीत पडून होते. म्हणून हात जोडून सांगते, वाद्य भिजलं तर आधी तारा सैल करा, सावलीत वाळवा, उन्हात घालू नका. आणि कुणी मायेपोटी घातलंच, तर त्या माणसावर फार रागावू नका.

नवव्या दिवशी किशोरीनं पहिली तार चढवायला घेतली. चावीच्या प्रत्येक फेऱ्याला माझा जीव जात होता. सोनूबाई दारात पदर तोंडात धरून उभी होती. तार लागली, सूर निघाला. ती पुढे आली आणि माझ्या मानेवरून हलकेच बोट फिरवत लेकीला म्हणाली, "त्याला लई दुखलं आसंल का गो?"