गोळ्यांचे खिसे

आमचे सासरे टेलर. दुकान केव्हाच बंद केलं, पण समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्यांची नजर अजून त्याच्या कॉलरवर जाते. दुकानातली बटणं ते रंगाप्रमाणे बरण्यांत भरून ठेवायचे.

त्या दुपारी भिंगरी, म्हणजे आमची लेक, एकदाची झोपली. धुतलेले कपडे ठेवायला मी बाबांच्या खोलीत गेले, तर ते पलंगावर मांडी घालून चंदेरी पाकिटांतल्या गोळ्या फटाफट मोकळ्या करत होते. समोर बरण्या. एकीत गुलाबी गोळ्या, एकीत पिवळ्या, एकीत पांढऱ्या.

"बघ, कसं टापटीप झालं! परवापासून लागलोय."

"बाबा, ह्या पांढऱ्यांतली ब्लडप्रेशरची कुठली आणि शुगरची कुठली?"

"सोपं आहे गं." त्यांनी एक चिमटीत धरली. चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला. "ही. थांब... ही."

"मग सकाळी कुठली घेतलीत?"

"पांढऱ्या दोन. दोन पांढऱ्या घ्यायच्या असतात, घेतल्या!"

मला हसू आलं, आणि लगेच सकाळचं आठवलं. खोलीतून बाहेर येताना त्यांनी दाराची चौकट धरली होती. "पाय जरा झोपलाय," म्हणाले होते.

भिंगरीला तशीच खांद्यावर टाकून आम्ही डॉक्टरांकडे. ब्लडप्रेशर बरंच खाली आलं होतं. डॉक्टरांनी त्यांना तिथेच बराच वेळ झोपवून ठेवलं, शुगर तपासली, बरण्यांतली एकही गोळी वापरायची नाही म्हणून बजावलं आणि मला सांगितलं, "आता ह्यांच्या गोळ्या तुम्ही हातावर द्यायच्या."

बाबांचा चेहरा उतरला. रिक्षात ते भिंगरीला म्हणाले, "चला, आता आपण दोघं एका रांगेत. तुला थेंब, मला गोळी. तोंड उघड, आ कर!"

भिंगरीने खरंच आ केला. बाबा हसले नाहीत.

रात्री नवऱ्याचा फोन. तो कामासाठी बाहेरगावी. "कपाटाला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडे ठेव." हो म्हणणं सोपं होतं. पण ज्या माणसाने अख्ख्या गल्लीची मापं लक्षात ठेवली, त्याच्यासमोर कुलूप कसं लावायचं?

दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली गोळी हातावर ठेवत मी विचारलं, "बाबा, दुकानात सगळ्या पांढऱ्या शर्टांचा एकच ढीग करायचात?"

"वेड लागलंय का मला? प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचायचो! नाहीतर ह्याचा शर्ट त्याच्या..." ते मध्येच थांबले. पाणी प्यायले. "हं," म्हणाले आणि कापडाचं गाठोडं सोडायला बसले.

दुपारभर त्यांचं शिलाईचं मशीन खडखडत होतं. संध्याकाळी बाबांनी मांडीवर एक कापडी पट्टी पसरली. वर पिवळे खिसे सकाळचे, खाली निळे खिसे रात्रीचे. प्रत्येक खिशात एकाच औषधाचं अख्खं पाकीट, नाव दिसेल असं. खिशाला झाकण, झाकणाला बटण.

"गोळी घेतली की बटण लावायचं. लागलं म्हणजे पोटात गेली, परत घ्यायची नाही. सकाळी सगळी उघडायची."

"आणि भिंगरी?"

"टांगायचं कपाटात, वरच्या खुंटीला. माझाच हात कसाबसा पोहोचतो तिथे." मग हळूच म्हणाले, "ट्रायल घेऊन बघ. चुकलो तर लाव कुलूप."

ट्रायल चालू असताना मी रोज मागे उभी राहायची, बाबा रोज "कॉलर नीट कर आधी" म्हणून टोमणा मारायचे. एकही बटण चुकलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा ब्लडप्रेशर मोजलं, पट्टीचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "चालू द्या त्यांचं त्यांना. तुम्ही फक्त मधूनमधून नजर टाका."

आज सकाळी नजर टाकायला गेले, तर पिवळ्या रांगेतली सगळी बटणं लागलेली. टोकाला एक नवा लाल खिसा मात्र उघडाच.

"हा कुणाचा?"

"तुझा. तुझ्या त्या रक्तवाढीच्या गोळ्या. ओट्यावर पडलेल्या असतात. तू घेत नाहीस, आणि ही बया एक दिवस घेईल."

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी कारण सांगायला लागले, तेवढ्यात पदराला हिसका बसला. खालून भिंगरी डोळे वटारून म्हणाली, "आई, आ कल!"